दत्तकाची गोष्ट लिहिताना: वाचकांच्या शंका आणि उत्तरं

या महिन्याच्या टपालात एकाच गोष्टीभोवतीची पत्रं जास्त आली: चाळिशी ओलांडलेली बाई, मोडलेला संसार, उशिरा आलेलं प्रेम आणि मूल हवं असण्याची ओढ. हसवत नेणारी, पण आत दुखणं असलेली पटकथा सध्या पुण्यात बरेच जण लिहीत आहेत असं दिसतं. पत्रांचा गोषवारा देऊन उत्तरं देतो आहोत. पटकथेची बाजू आणि दत्तकाच्या नियमांची बाजू एकत्रच घेतली आहे. या विषयात ती वेगळी काढली की गोष्ट लंगडी होते.

प्रश्न : माझी नायिका मराठीची शिक्षिका, वय 42, मूल नाही. जुलैत नवरा घर सोडून जातो, ऑगस्टमध्ये ती दत्तकासाठी अर्ज करते, दिवाळीत एका विधुराच्या प्रेमात पडते. त्याला दोन मुलं आहेत. शेवटी दोघांचं लग्न होतं आणि न्यायाधीश त्यांच्या हाती तान्हं बाळ देतात. वाचणारे म्हणतात, “गोड आहे, पण खोटं वाटतं.” नेमकं काय चुकतंय? (एक वाचक, कोथरूड)

पात्रं चुकलेली नाहीत, तारखा चुकल्या आहेत. त्या दुरुस्त केल्या की तुमच्या गोष्टीला हवा असलेला ताण आपोआप येईल, वेगळा खलनायक लागणार नाही.

नवरा निघून गेला म्हणून बाई कायद्यानं एकटी होत नाही. विवाहित असेपर्यंत अर्ज दोघांच्या संमतीनं, जोडपं म्हणूनच करावा लागतो. म्हणजे ऑगस्टमधला तिचा एकटीचा अर्ज टिकत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली परस्परसंमतीनं घटस्फोट घ्यायचा तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दाखल झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी दुसरी पायरी येते. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं, पण ती माफी हक्कानं मिळत नाही. तेव्हा नवरा जाण्यापासून शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातून हुकूमनामा हातात पडेपर्यंत सव्वा ते दीड वर्ष धरा. 42 व्या वर्षी तिला ‘एकल पालक’ म्हणून नोंद करायची असेल तर पहिल्या दृश्यात ती चाळिशीची हवी.

आता वयाचा हिशोब. दत्तक नियमावली 2022 प्रमाणे दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर एकट्या पालकाचं वय जास्तीत जास्त 40 आणि जोडप्याच्या वयांची बेरीज जास्तीत जास्त 85 चालते. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 45 आणि 90, चार ते आठसाठी 50 आणि 100, आठ ते अठरासाठी 55 आणि 110. शिवाय मूल आणि पालक यांच्या वयात किमान 25 वर्षांचं अंतर लागतं. वय नोंदणीच्या तारखेचं धरतात, त्यामुळे नंतर वाट पाहण्यात गेलेली वर्षं तिच्याविरुद्ध मोजली जात नाहीत. तुमच्या 42 वर्षांच्या नायिकेला तान्हं बाळ मिळणार नाही. दोन ते चार वर्षांचं मिळू शकतं.

खरी पेचाची जागा पुढे आहे. जोडप्याला दत्तक घ्यायचं असेल तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य लागतं. समजा तिनं 43 व्या वर्षी 46 वर्षांच्या नायकाशी लग्न केलं. लग्न झालं की ती एकल पालक राहिली नाही, म्हणून तिचा जुना अर्ज तसाच पुढे जाऊ शकत नाही. दोन वर्षं थांबून दोघांनी नोंद केली तर वयं 45 आणि 48, बेरीज 93. नव्वदची मर्यादा ओलांडली, म्हणजे आता मूल चार ते आठ वयाचं. प्रेमाला हो म्हणायचं तर दोन वर्षं थांबायचं आणि दोन-अडीच वर्षांच्या लेकराचं स्वप्न सोडायचं. मुलासाठी थांबायचं तर या माणसाला किती वर्षं ताटकळत ठेवायचं? लहान, निरोगी मुलांसाठीची प्रतीक्षा सध्या तीन वर्षांपुढे जाते. इथे दोघंही चांगले आहेत, कुणाचाच दोष नाही, तरी एकाला काहीतरी सोडावं लागतं. प्रेमकथेला यापेक्षा चांगली अडचण कल्पनेतून सुचणार नाही.

मध्यंतराची जागाही नियमातच आहे. प्रतीक्षा यादीत क्रमांक आला की दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर मुलाचा फोटो, बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल येतो. ते मूल आपल्यासाठी राखून ठेवायला 48 तास मिळतात. तुमच्या पटकथेत शनिवारी लग्न असेल तर गुरुवारी संध्याकाळी तिच्या फोनवर हा निरोप येऊ दे. एकशेवीस पानांच्या पटकथेत हे साठाव्या पानाच्या आसपास बसेल. पानाला एक मिनिट हा ठोकताळा मराठी संवादांना नेहमी लागू पडत नाही, म्हणून सगळं मोठ्यानं वाचून घड्याळ लावा.

नायकाची दोन मुलं मात्र एकावर आणा. दोन किंवा अधिक मुलं असलेल्या जोडप्याचा विचार नियमानुसार विशेष गरजा असलेल्या किंवा सहज घर न मिळणाऱ्या मुलांसाठीच होतो. तो स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, शेवटच्या दहा मिनिटांत उरकू नये. एकच मुलगी ठेवलीत तर आणखी एक वाट उघडते. सावत्र पालकानं जोडीदाराचं मूल दत्तक घेताना वयोमर्यादा आणि दोन वर्षांची अट, दोन्ही लागू होत नाहीत. त्या मुलीची आई हयात नसल्यानं तिच्या संमतीचाही प्रश्न येत नाही. नायिका वर्षानुवर्षं पोर्टलवर क्रमांक बघत राहते आणि जिची आई होणं कायद्यानं सर्वांत सोपं आहे ती मुलगी रोज तिच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसलेली असते. हे कुणाच्या तोंडी घालू नका, प्रेक्षकाला आपसूक कळू दे.

न्यायाधीशांचं दृश्य काढा. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालय नाही, जिल्हाधिकारी देतात. तुमचा प्रसंग जिल्हाधिकारी कार्यालयात घडेल, बंद दालनात, बघ्यांशिवाय. टाळ्या, वकिलाचं भाषण, मागच्या बाकावरून रडणारी आत्या यांतलं काही नाही. मूल तर त्याआधीच घरी आलेलं असतं. पालकांनी स्वीकारल्यावर दहा दिवसांत ते दत्तकपूर्व संगोपनासाठी सोपवलं जातं आणि आदेश नंतर होतो.

तेव्हा कळसाचा प्रसंग कार्यालयात शोधू नका, संस्थेतल्या भेटीत शोधा. पाच वर्षं आणि त्यापुढच्या मुलाची संमती घेतात. तिनं पहिल्याच आठवड्यात तुळशीबागेतून आणलेला पाळण्यावरचा चिमण्यांचा झुंबर आता निरुपयोगी आहे. समोर साडेपाच वर्षांची मुलगी बसली आहे आणि निवड तिनं करायची आहे. या दृश्यात नायिकेला चार वाक्यांपेक्षा जास्त बोलू देऊ नका.

प्रश्न : घरी पाहणीला येणाऱ्या समाजसेविकेचा प्रसंग विनोदी करायचा आहे. ती कपाटं उघडते, बोटानं धूळ बघते, फ्रीज तपासते. अजून काय घालता येईल? (धायरीहून)

हे सगळं काढता येईल. गृहभेटीला येणारी व्यक्ती चुका शोधायला आलेली नसते. धूळ तपासणारी बाई दाखवली की प्रेक्षक हसतो, पण तुमच्या नायिकेला ज्या प्रश्नांची भीती वाटायला हवी ते प्रश्नच कुणी विचारत नाही.

आधी क्रम लक्षात घ्या. पोर्टलवर नोंदणी झाल्यापासून 30 दिवसांत कागद चढवायचे: फोटो, पॅन, वयाचा, पत्त्याचा आणि उत्पन्नाचा दाखला, दीर्घ, संसर्गजन्य किंवा जीवघेणा आजार नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, घटस्फोट झाला असेल तर हुकूमनामा, ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं. कागद दिल्यापासून 60 दिवसांत गृह अभ्यास अहवाल व्हावा असा नियम आहे आणि तो तीन वर्षं चालतो. प्रतीक्षा लांबली तर अहवाल नव्यानं करावा लागतो. म्हणजे तीच समाजसेविका दुसऱ्यांदा येऊ शकते, तेव्हा घरात कोण नव्यानं राहायला आलंय हे तिला दिसेल. विनोदाला हा धागा चांगला आहे.

भेटीत बोलणं होतं ते असं: मूल का हवंय? स्वतःचं मूल झालं नाही याचं दुःख कुठवर आलंय? तुम्हाला ताप आला, शाळेत उशीर झाला, तर मुलाजवळ कोण? मुलाला दत्तकाबद्दल कधी आणि कसं सांगाल? घरातल्या इतरांचं काय मत आहे? इतरांशी वेगळं बोलणंही होतं. तेव्हा आईनं आधी ठरवून दिलेली उत्तरं घोकून म्हणणं, शेजारच्या काकूंनी मध्येच येऊन शिफारस करणं, साबुदाण्याच्या खिचडीचा तिसऱ्यांदा आग्रह, हे सगळं चालेल. पण एका प्रश्नाला नायिकेची तयार उत्तरं संपली पाहिजेत. हसणं तिथे थांबवा आणि पुढची अर्धी मिनिटं कुणालाही बोलू देऊ नका.

एक कागद बहुतेक लेखकांच्या नजरेतून सुटतो. एकल पालकाला जवळच्या नातेवाइकाचं हमीपत्र द्यावं लागतं: माझं काही बरंवाईट झालं तर ही व्यक्ती मुलाला सांभाळेल. चाळिशीतल्या एकट्या बाईसाठी ही सही कोण करणार? आई सत्तरीची, भाऊ परदेशी, वहिनी गप्प. आणि सही करायला तयार होते ती सोडून गेलेल्या नवऱ्याची बहीण. या एका सहीभोवती पंधरा मिनिटांचं कथानक उभं राहतं आणि त्यात हसू व डोळ्यांतलं पाणी दोन्ही मावतं.

नायकाशी जुळलेलं नातं नायिकेनं समाजसेविकेपासून लपवावं, असंही तुम्ही लिहिलं आहे. लपवू दे, पण परिणाम दाखवा. आदेशानंतरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. खोटं तितका काळ टिकत नाही.

प्रश्न : माझी नायिका स्वतः दत्तक आहे, जन्म 1982. तिची जन्मदात्री संस्थेतून पत्ता मिळवून थेट तिच्या दारात येते. हे पटेल का? (सांगवीहून)

या वाटेनं पटणार नाही. संस्था जन्मदात्रीला दत्तक मुलाचा पत्ता देत नाही. मुळांचा शोध घेण्याचा हक्क दत्तक गेलेल्या व्यक्तीचा आहे. अठरा वर्षांनंतर ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी दत्तक पालकांसोबत. जन्मदात्रीनं ओळख उघड करायला नकार दिलेला असेल तर त्या नकाराचाही मान राखला जातो. त्रयस्थानं परस्पर चौकशी केली तर त्याला माहिती मिळत नाही.

तेव्हा हालचाल नायिकेकडून सुरू करा. मूल दत्तक घ्यायला निघालेली बाई आधी आपली फाइल मागते, हे मनानंही खरं वाटतं. गृहभेटीत “तुमच्या जन्माबद्दल काय माहीत आहे?” एवढा प्रश्न आला की पुरे. अर्जानंतर संस्थेची समाजसेविका मधली व्यक्ती म्हणून काम करते. आधी जन्मदात्रीची इच्छा विचारते, मग पत्र, आणि भेट शेवटी. पहिल्या भेटीआधी दोन-तीन पत्रांची जागा ठेवा. नायिकेचा विनोदी स्वभाव पत्रांत चांगला खुलतो, कारण समोरचा माणूस कसा आहे हे ठाऊक नसताना माणूस सर्वांत जास्त सावरून लिहितो आणि तिथेच घसरतो.

1982 चं वातावरण नीट उभं करा. तेव्हा ‘कारा’, म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची यंत्रणा, नव्हती, ती 1990 मध्ये आली. परदेशी दत्तकांबाबत सर्वोच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वं 1984 ची. पोर्टल, यादी, क्रमांक यांतलं काही नाही. पुण्यात ससूनशी जोडलेली सोफोश आणि भारतीय समाज सेवा केंद्र यांसारख्या संस्था तेव्हाही हे काम करत होत्या. हिंदू कुटुंबात 1956 च्या दत्तक कायद्यानं, संस्थेकडून मूल घेताना न्यायालयाच्या परवानगीनं दत्तक होत असे. नायिका कॅम्पातल्या ख्रिस्ती घरात वाढलेली असेल तर गोष्ट आणखी वेगळी. तिचे आईवडील 1890 च्या कायद्याखाली फक्त पालक (‘गार्डियन’) नेमले गेले असतील, कायद्यानं आईवडील नव्हेत. चाळीस वर्षं ज्यांना आईबाबा म्हटलं त्यांच्या कागदावर भलताच शब्द आहे, हे तिला वारसाच्या कामात कळलं तर त्यातून एक सबंध दृश्य निघतं.

फाइलमध्ये काय असेल? दाखल झाल्याची तारीख, तेव्हाचं वजन, संस्थेनं ठेवलेलं नाव, कदाचित जन्मदात्रीची सही किंवा अंगठा. फोटो बहुधा नसेल. फाइल पातळ ठेवा. पटकथेत जाडजूड फाइल आली की लेखक माहिती सांगायला बसतो.

प्रश्न : दत्तकाची तयारी चालू असताना नायिकेला 44 व्या वर्षी दिवस जातात. सोनोग्राफीत डॉक्टर “मुलगी आहे” म्हणतात. अर्ज रद्द होतो. शेवट आनंदी. चालेल? (हडपसरहून)

“मुलगी आहे” हे वाक्य तर आजच खोडा. 1994 च्या कायद्यानं गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे, आणि पडद्यावरचा भला डॉक्टर तो करताना दिसू नये.

बाकीचा तपशील असा. 44 व्या वर्षी पाळी चुकली तर बाईला आधी रजोनिवृत्ती आठवते, आणि तिच्या मैत्रिणींनाही. पण सलग बारा महिने पाळी आली नाही तरच ती रजोनिवृत्ती. तोवर दिवस जाऊ शकतात, म्हणून कुठलाही जाणता डॉक्टर आधी गर्भचाचणीच करायला सांगेल. ठोके साधारण सहा-सात आठवड्यांना दिसतात. अकरा ते तेरा आठवड्यांच्या तपासण्या या वयात फार महत्त्वाच्या: डाऊन सिंड्रोमची शक्यता चाळिशीला सुमारे शंभरात एक, पंचेचाळिशीला सुमारे तिसात एक. गर्भ न टिकण्याचा धोकाही या वयात बराच वाढतो. हे सगळं वगळून नऊ महिने एका गाण्यात उरकलेत तर ज्यांनी हे सोसलंय त्या प्रेक्षक बायका तिथेच तुटतील.

अर्जही आपोआप रद्द होत नाही. एक मूल असलेले पालक दत्तक घेऊ शकतात. कुटुंबात बदल झाला की तो कळवून गृह अभ्यास नव्यानं करावा लागतो, इतकंच.

आमचं मत मागितलंय म्हणून सांगतो: हे वळण घेऊ नका. “दत्तकाचं मनावर घेतलं की पोटी मूल होतं” हे आपल्या घराघरांत ऐकवलं जातं. त्यात दत्तक मूल म्हणजे पायरी, आणि पोटचं मूल म्हणजे देऊळ. तुमचा शेवट हेच सांगतो. दिवस जाण्याचं वळण हवंच असेल तर ते मध्यंतराआधी आणा, गर्भ टिकू नये, आणि त्या दुःखासाठी नायिकेला वेळ द्या. घाईनं दत्तकाकडे वळलेली बाई समाजसेविकेलाही खटकते.

उपचारांच्या अंगानं जायचं असेल तर वयाची बंधनं पाळा. 2021 च्या कायद्यांप्रमाणे कृत्रिम गर्भधारणेसाठी बाईचं वय 50 पर्यंत, पुरुषाचं 55 पर्यंत. एकट्या बाईला सरोगसी हवी असेल तर ती विधवा किंवा घटस्फोटित आणि 35 ते 45 वयाची असावी लागते.

प्रश्न : सहा महिन्यांनी जन्मदात्री परत येऊन बाळ घेऊन जाते, असा शेवट धक्कादायक होईल ना? (येरवड्याहून)

होईल, पण खोटा होईल. मूल स्वाधीन केल्यावर विचार बदलायला जन्मदात्रीला 60 दिवस असतात. ते सरून बाल कल्याण समितीनं मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर केल्यावरच ते पालकांपर्यंत पोहोचतं. अशा दृश्यांनी होऊ घातलेल्या पालकांच्या मनात उगाच भीती बसते. ते साठ दिवस जन्मदात्रीच्या बाजूनं दाखवलेत तर जास्त धाडसाचं होईल.

प्रश्न : तीस मिनिटांचा लघुपट करतो आहोत. बाळाची आणि पाच वर्षांच्या मुलीची दृश्यं कशी घ्यावीत? खऱ्या संस्थेत चित्रीकरण करावं का? (विमाननगरहून)

संस्थेतली खरी मुलं अजिबात दाखवू नका, पाठमोरीही नाही. बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमानं त्यांची ओळख उघड करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रिकामा वर्ग किंवा जुन्या वाड्यातली मोठी खोली भाड्यानं घ्या, संस्थेचं नाव काल्पनिक ठेवा.

तान्ह्या बाळाच्या जागी बहुतेक दृश्यांत बाहुलीच वापरा. फसतं ते वजनात. हलकी बाहुली घेतली की नटीचा हात सैल राहतो आणि प्रेक्षकाला लगेच कळतं. कापडी बाहुलीत तांदळाच्या लहान पिशव्या शिवून वजन तीन किलोंच्या आसपास आणा. निम्म्याहून जास्त भार धडात ठेवा, डोकं मात्र लटकतं राहू द्या, म्हणजे मानेखाली हात आपोआप जातो. खरं बाळ फक्त चेहऱ्याच्या जवळच्या चित्रांसाठी, तेही दूध पिऊन झाल्यावरच्या अर्ध्या तासात. रडणं वेगळं ध्वनिमुद्रित करून नंतर जोडा. त्यासाठी बाळाला रडवायचं नाही.

मुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी चित्रीकरणाआधी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि मानधनाच्या किमान वीस टक्के रक्कम तिच्या नावे मुदतठेवीत. संमतीचा प्रसंग तिच्याकडून पाठ करून घेऊ नका. काय विचारणार हे आधी पालकांना सांगा, दोन कॅमेरे लावा, नटीला प्रश्न विचारू दे आणि मुलगी जे बोलेल ते घ्या. हे चित्रीकरण सकाळी पहिलं ठेवा, दुपारी मुलं दमतात.